नियम सगळ्यांना सारखाच, मग अन्याय कुठून येतो?

'गोरा माणूस' म्हणजे नेमका कोण? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न तीन महिन्यांत दोनदा आला आणि न्यायालयाने त्याची दोन वेगळी उत्तरं दिली.

परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिकत्व द्यायचं, असा तिथला १७९० चा कायदा होता. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेले लोक मात्र अधांतरीच राहिले. ताकाओ ओझावा हे जपानमध्ये जन्मलेले गृहस्थ वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, तिथेच शिकलेले, घरातही इंग्रजी बोलणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं: कित्येक युरोपीय माणसांपेक्षा माझी कातडी उजळ आहे, मग मी गोरा कसा नाही? नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कातडीच्या रंगावर हे ठरत नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन (युरोप आणि आसपासच्या लोकांना तेव्हाच्या वर्गीकरणात दिलेलं नाव) वंशाचा, आणि जपानी माणूस त्या वंशाचा नाही.

पुढचे अर्जदार भगतसिंग थिंड. जन्म पंजाबातला, १९१३ मध्ये अमेरिकेत आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. त्या काळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतातल्या लोकांची गणना कॉकेशियन वंशातच होत असे. म्हणजे ओझावांच्या निकालात घातलेली अट थिंड पुरी करत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, एकमताने, त्यांचाही दावा फेटाळला. निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही तेच, जॉर्ज सदरलँड. या वेळी त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. या निकालानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

वांशिक समानतेबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ज्या 'वंशा'बद्दल आपण बोलतो ती वस्तू किती पोकळ आहे हे या दोन निकालांइतकं स्पष्टपणे क्वचितच दिसतं. एकाला शास्त्राचा दाखला देऊन बाहेर ठेवलं आणि दुसऱ्याला शास्त्र धुडकावून. बाहेर ठेवायचं आधी ठरलं होतं, कारण नंतर शोधलं गेलं.

जीवशास्त्राने हा विषय केव्हाच निकाली काढला आहे. पृथ्वीवरची कोणतीही दोन माणसं घ्या, त्यांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेला जो थोडा फरक, त्याचा हिशोब रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडला. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी जवळजवळ ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत आढळतो, आणि ज्यांना आपण वेगवेगळे 'वंश' म्हणतो त्यांच्यात मिळून सहा-सात टक्केच. कातडीचा रंग हा मुख्यतः पूर्वज ज्या भागात राहिले तिथल्या उन्हाचा परिणाम. विषुववृत्तापासून उत्तरेकडे चालत निघालात तर रंग हळूहळू बदलत जातो. 'इथे एक वंश संपला आणि दुसरा सुरू झाला' असं म्हणता येईल अशी जागा वाटेत कुठेच लागत नाही.

मग 'वंश वगैरे काही नसतं' म्हणून विषय बंद करता येईल का? नाही येत. देशाची सीमारेषा जमीन खोदून सापडत नाही, पण ती ओलांडताना गोळी लागू शकते. वंशाचंही तसंच आहे. माणसांनी आखलेली रेघ असली तरी त्या रेघेवर लोकांचं शिक्षण, घर, लग्न, मतदान आणि मरण ठरत आलं आहे.

दक्षिण आफ्रिकेत ही रेघ सरकारी दप्तरात आखली गेली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद करायचं ठरवलं. कोण कुठल्या रकान्यात जाणार, हे माणूस दिसतो कसा आणि लोक त्याला समजतात काय यावर ठरे. शंका असेल तिथे केसांत पेन्सिल खोचून बघत. ती घसरून पडली तर एक वर्ग, केसांत अडकली तर दुसरा. एकाच आईच्या पोटच्या मुलांची नोंद वेगवेगळ्या वर्गांत झाल्याची उदाहरणं आहेत. आणि वर्ग वेगळा म्हणजे शाळा वेगळी, राहायची वस्ती वेगळी. एका पेन्सिलीने घर फुटत होतं. त्याच राजवटीत कृष्णवर्णीयांना सतत परवानापुस्तिका जवळ बाळगण्याची सक्ती होती. तिच्याविरुद्ध २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे लोक जमले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात ६९ माणसं मारली गेली. दरवर्षी २१ मार्च हा वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो तो यामुळे.

शार्पव्हिलनंतर पाच वर्षांनी, डिसेंबर १९६५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. आज १८० हून अधिक देश त्याला बांधील आहेत. त्याच्या पहिल्याच कलमातली भेदभावाची व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. वंश, रंग, कुळ, किंवा राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून केलेला असा फरक, ज्याचा उद्देश किंवा परिणाम इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगण्यात अडथळा आणणं हा असेल, तो भेदभाव. 'कुळ' हा शब्द त्यात आला तो भारताने सुचवलेल्या दुरुस्तीमुळे. पण माझं बोट त्यातल्या दुसऱ्या एका शब्दावर आहे: 'परिणाम'. भेदभाव करायचा हेतू नसला, आणि तरीही परिणाम तोच झाला, तर त्यालाही भेदभावच म्हणायचं. लोकशाही देशांना हे पचायला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे.

याचं कारण असं की उघड भेदभाव ओळखायला सोपा असतो. 'काळ्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावली की कुणालाही कळतं. ज्यांना भेदभाव करायचाच होता त्यांनाही हे लवकर कळलं. मग त्यांनी पाट्या काढल्या आणि नियम लिहिले. वंशाचा उल्लेखही नसलेले, सगळ्यांना सारखे लागू होणारे नियम.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये स्थलांतराचा कायदा केला. गोरे नसलेले लोक देशात येऊ द्यायचे नाहीत हे तर ठरलेलंच होतं, पण ब्रिटिश सरकारला ते कायद्यात उघड लिहिलेलं नको होतं. साम्राज्यात गोरे नसलेले कोट्यवधी प्रजाजन होते. मग दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये काढलेली युक्ती उचलली गेली: भाषेची परीक्षा. बंदरावरचा अधिकारी प्रवाशाला ५० शब्दांचा उतारा सांगणार, प्रवाशाने तो लिहून दाखवायचा. उतारा 'कोणत्याही युरोपीय भाषेत' देता येईल, एवढेच शब्द कायद्यात होते. मेख त्यातच होती. समोरचा माणूस उत्तम इंग्रजी लिहू शकत असला तर त्याला दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतला उतारा द्यायचा. भाषा निवडायचा हक्क अधिकाऱ्याचा, त्यामुळे नापास कुणाला करायचं हेही त्याच्याच हातात.

या कायद्याची एक गोष्ट अशी घडली की तिने सगळा बुरखाच फाटला. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्राग शहरातला पत्रकार हिटलरविरोधी भाषणं द्यायला ऑस्ट्रेलियात आला. सरकारला तो नको होता. पण तो युरोपीय, त्यात बऱ्याच भाषा जाणणारा. शेवटी त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेत परीक्षा द्यायला सांगितली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयाने म्हटलं की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषाच होत नाही. एका वंशाच्या लोकांना अडवायला केलेलं हत्यार पुढे मतं न पटणाऱ्या माणसावर कसं चालवलं जातं, हेही या गोष्टीत दिसतं. आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ही परीक्षा रद्द झाली १९५८ मध्ये.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये मतदानासाठी साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. पण मग निरक्षर, गरीब गोऱ्यांचीही मतं जाणार होती. त्यावर तोड काढली ती अशी: १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्याआधी जो मतदार होता, त्याला आणि त्याच्या मुला-नातवांना ही अट लागू नाही. ही तारीख का? त्या दिवसापर्यंत तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता, म्हणून. कलमात वंश हा शब्द नाही, रंगाचा उल्लेख नाही, फक्त एक तारीख आहे. ओक्लाहोमा राज्यातलं असंच एक कलम १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं.

या दोन्ही ठिकाणी निदान हेतू तरी वाईट होता. हेतू वाईट असल्याचं सिद्धच झालं नाही तर काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न. त्यासाठी मी नेहमी एका वीज कंपनीचा खटला सांगतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सगळ्यात शिकवणारा खटला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर या कंपनीचं डॅन नदीवर औष्णिक वीज केंद्र होतं. केंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरी विभागात घेत. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार इतर विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातली नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणारी कलमं २ जुलै १९६५ रोजी अमलात आली, आणि ही उघड वाटणी बेकायदा ठरली. त्याच दिवशी कंपनीने नवा नियम आणला: मजुरी सोडून इतर विभागांत नव्याने नोकरी हवी असेल तर शाळा पूर्ण केल्याचा दाखला हवाच, शिवाय दोन बौद्धिक चाचण्याही पास व्हायला हव्यात. आधीपासून मजुरीत असलेल्यांना वर जायचं, तर दाखल्याची अट आधीपासूनच होती.

नियम सगळ्यांना सारखा. गोरा असो की काळा, दाखला दाखवा आणि परीक्षा द्या. वरवर पाहता यात खटकण्यासारखं काही नाही. कमी शिकलेल्या कामगारांना शाळा पूर्ण करायची असेल तर कंपनी दोन तृतीयांश फीसुद्धा भरायला तयार होती, त्यामुळे खालच्या न्यायालयांना कंपनीचा हेतू वाईट दिसला नाही.

पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी शाळा पूर्ण केली होती, कृष्णवर्णीय पुरुषांपैकी फक्त १२ टक्क्यांनी. त्यांना पिढ्यानपिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत ठेवलं होतं, हे त्यामागचं कारण. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. हा नियम येण्याआधी जे गोरे कामगार दाखल्याशिवाय या विभागांत लागले होते, ते तिथे व्यवस्थित काम करत होते आणि बढत्याही घेत होते. म्हणजे कोळसा आणि बॉयलरच्या त्या कामाला शाळेचा दाखला लागत नव्हता. मग तो मागायचा कशाला?

मजुरी विभागातल्या तेरा कामगारांनी खटला लढवला आणि मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तत्त्व असं: नोकरीची एखादी अट वरून तटस्थ दिसत असली, तिच्यामागे वाईट हेतू नसला, तरी तिच्यामुळे एखाद्या वंशाचे लोक मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतील, तर त्या कामासाठी ती खरोखर लागते हे मालकाने दाखवून द्यावं. नाही दाखवता आलं तर अट रद्द. कामाला लागते ती पात्रता जरूर तपासा, असं न्यायालय म्हणतं. अग्निशामक दलात शिडी चढता यायला हवी, भाषांतरकाराला दोन भाषा यायला हव्यात, यावर कुणाचा आक्षेप नाही. गुणवत्तेच्या नावाखाली कामाशी संबंध नसलेली चाळणी लावू नका, एवढंच म्हणणं आहे. 'आम्ही वंश बघत नाही, गुणवत्ता बघतो' असं कुणी म्हणालं की मला हा खटला आठवतो आणि मी विचारतो, गुणवत्ता मोजायचं माप कुणी ठरवलं?

ब्रिटनमध्ये हाच मुद्दा एका मुलाच्या फेट्यावरून निघाला आणि तिथे वंशाची गोष्ट संस्कृतीच्या गोष्टीला येऊन मिळाली. १९७८ मध्ये बर्मिंगहॅम शहरातल्या एका खासगी शाळेने एका शीख मुलाला प्रवेश नाकारला. केस कापून फेटा काढला तर घेऊ, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. शाळेचा गणवेश सगळ्यांना एकच, त्यात टोपी आहे, फेटा नाही. १९७६ च्या वंशसंबंध कायद्यात वंश, रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांवरून भेदभावाला बंदी होती. धर्माचा उल्लेख त्यात नव्हता. त्यामुळे प्रश्न उभा राहिला की शीख हा नुसता धर्म, की कायद्याच्या अर्थाने एक वांशिक समूह?

खालच्या न्यायालयांत मुलाच्या कुटुंबाची हार झाली. १९८३ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निकाल फिरवला. ज्यांचा स्वतःचा दीर्घ सामायिक इतिहास आहे आणि घरगुती-सामाजिक चालीरीतींसह स्वतःची सांस्कृतिक परंपरा आहे, तो वांशिक समूह, आणि शीख त्यात बसतात, असं लॉर्ड फ्रेझर यांनी लिहिलं. बघा, इथे रक्त, कातडी, डोक्याचा आकार यातलं काही नाही. समूह ठरतो तो एकत्र जगण्याने. वंश या शब्दाचा शहाणपणाने काही वापर करायचाच असेल तर तो असा व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

निकालातला दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा. शाळेच्या बाजूने असं म्हणता येत होतं की फेटा काढणं त्या मुलाला शक्य होतं. हाताने उचलून बाजूला ठेवायचा, त्यात अवघड ते काय? न्यायालयाने सांगितलं की कायद्यातल्या 'पाळता येणं' याचा अर्थ अंगात तेवढी ताकद असणं असा नाही. आपल्या समूहाच्या रीती न मोडता ती अट प्रत्यक्षात पाळता येते का, हे बघायचं. ज्याला टोपी घालायला काहीच सोडावं लागत नाही आणि ज्याला टोपीसाठी आपली ओळख घराबाहेर ठेवून यावी लागते, त्या दोघांना एकच नियम लावला तर किंमत एकच जण मोजतो.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कुणी तरी एक माणूस असतो, आणि बहुतेक वेळा तो त्यांच्यासारखाच असतो. हे यंत्रांच्या बाबतीतही होतं. बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र करोनाच्या साथीत घरोघरी पोचलं. ते बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून आकडा दाखवतं. पण कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की यंत्राने ९२ ते ९६ टक्के, म्हणजे फारशी काळजी नसलेला आकडा दाखवला असताना, धमनीतलं रक्त तपासल्यावर ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्याही खाली असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. यंत्राला कुणाचा द्वेष नाही. पण या तिप्पट फरकाचा अर्थ खाटेवरच्या माणसासाठी असा, की त्याचा श्वास कोंडतो आहे आणि आकडा सांगतो आहे की सगळं ठीक आहे.

हा फरक कळला कसा? रुग्णांच्या नोंदीत वंशाचा रकाना होता म्हणून. इथे लोकशाही देशांतला एक प्रामाणिक मतभेद येतो. फ्रान्सची १९५८ ची राज्यघटना पहिल्याच कलमात मूळ, वंश किंवा धर्म न पाहता सर्व नागरिकांना कायद्यापुढे समान मानते, आणि तिथे नागरिकांची वंशानुसार गणती करणं जवळपास निषिद्ध आहे. त्यामागे वेदना आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूच्या फ्रेंच राजवटीने ज्यूंची नोंद केली होती, आणि पुढे त्याच याद्या त्यांना पकडून छळछावण्यांत पाठवायला कामी आल्या. ब्रिटनने उलटी वाट धरली. १९९१ पासून तिथल्या जनगणनेत वांशिक समूह विचारला जातो, कारण मोजलंच नाही तर अन्याय किती आणि कुठे हे कळणार कसं?

मी मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण फ्रान्सची भीती मी कधी हसण्यावारी नेणार नाही. याद्या बनवणारं सरकार आणि याद्या वापरणारं सरकार एकच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मोजायचं असेल तर माणसाने स्वतःहून सांगितलेलंच लिहावं, नाव वेगळं काढावं आणि तो आकडा धोरणापुरता वापरावा. काही गोष्टी तर याद्यांशिवायही मोजता येतात. बॉस्टन आणि शिकागो इथल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना दोन अर्थशास्त्रज्ञांनी जवळपास ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रतेत तफावत नव्हती, बदललं ते फक्त नाव: काहींवर गोऱ्यांमध्ये प्रचलित नावं, काहींवर कृष्णवर्णीयांमध्ये प्रचलित नावं. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय नावाला पंधरा अर्जांमागे एक. मुलाखतीची पायरी चढण्याआधी, नुसत्या नावावर, पाच अर्जांचा फरक.

इथवरची गोष्ट न्यायालयांनी आणि अभ्यासकांनी निस्तरली. पण लोकशाही म्हणजे बहुमत, मग बहुमतालाच भेदभाव हवा असेल तर? स्वित्झर्लंडमध्ये २९ नोव्हेंबर २००९ रोजी मशिदींवर नवे मिनार बांधायला बंदी घालण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झालं. ५७.५ टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला आणि ती थेट राज्यघटनेत गेली. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार. चर्चच्या मनोऱ्यांवर कुणी मत मागितलं नव्हतं. मतदान खुलं होतं, मोजणी चोख होती, आणि तरीही एका समूहाला सांगण्यात आलं की तुमच्या प्रार्थनास्थळाचा आकार आम्ही ठरवू. बहुमताने सरकार निवडावं, कर ठरवावेत, रस्ता कुठून न्यायचा ते ठरवावं. माझ्या शेजाऱ्याने देवाला कसं हाक मारावी हे बहुमताने ठरवायची गोष्ट नाही. मूलभूत हक्क घटनेत लिहून ठेवतात ते याच कारणाने, की दर निवडणुकीला ते पुन्हा मागावे लागू नयेत.

अल्पसंख्यांच्या संस्कृतीसाठी ज्या तरतुदी असतात त्यांना 'लाड' म्हणायची पद्धत आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मागे पडलेल्यांना बरोबरीला आणण्यासाठी केलेले विशेष उपाय हे १९६५ च्या कराराप्रमाणेच तात्पुरते असतात. हेतू साध्य झाला की ते थांबवायचे. भाषा, धर्म, रीती जपण्याचा हक्क मात्र तात्पुरता नसतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि पाहता पाहता घरांतूनही ती भाषा मागे पडली. १९८० च्या दशकात माओरी कुटुंबांनी स्वतःच पुढाकार घेऊन लहान मुलांसाठी त्या भाषेची बालकेंद्रं सुरू केली, आणि १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. 'आता पुरे झालं, बरोबरी झाली' म्हणून ही तरतूद उद्या काढून घेता येत नाही. आपल्या भाषेत जगायला बहुसंख्यांना कधी परवानगी मागावी लागली नाही. माओरींना जे मिळालं ते तेवढंच आहे.

आणि समूहाच्या आतला माणूस? संस्कृतीच्या नावाखाली आतल्याच कुणावर अन्याय होत असेल तर कुणाची बाजू घ्यायची? हा प्रश्न टाळणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, मग ते संस्कृतीचे कैवारी असोत की विरोधक.

कॅनडात मूलनिवासींच्या दर्जाबद्दलचा जुना कायदा असा होता: मूलनिवासी पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी लग्न केलं तर त्याचा दर्जा कायम, शिवाय बायकोलाही मिळणार. मूलनिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा दर्जा गेला, आणि त्याबरोबर राखीव प्रदेशात राहायचा हक्कही. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे ग्राह्य धरलं. अशा सगळ्या स्त्रियांना कायदा सारखाच लागू होतो, मग समानतेचा भंग कुठे झाला, असा त्या निकालाचा रोख होता. मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्या स्त्रियांची बाजू घेतली नाही. या एका कलमाबरोबर सगळा कायदाच कोसळेल आणि जे थोडे हक्क आहेत तेही जातील, अशी तिला धास्ती होती.

सँड्रा लव्हलेस या मालिसीट या मूलनिवासी समाजाच्या. लग्न मोडल्यावर त्या न्यू ब्रुन्सविकमधल्या टोबिक या आपल्या गावी परत आल्या, तेव्हा कायद्याने त्या तिथल्या राहिल्या नव्हत्या. १९७७ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. १९८१ मध्ये समितीने कॅनडाच्या विरोधात मत दिलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो अल्पसंख्यांना आपल्या समूहातल्या इतरांबरोबर आपली संस्कृती जगण्याचा हक्क देणाऱ्या कलमाचा. संस्कृतीचा हक्क आणि स्त्रीचा समान हक्क यांतला एक निवडा, असं त्यांना दहा वर्षं ऐकवलं जात होतं. त्यांना हवं होतं ते आपल्याच माणसांत, आपली भाषा कानावर पडेल अशा जागी घर.

१९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला आणि दर्जा गमावलेल्या स्त्रियांना तो परत मिळाला. त्यांच्या मुला-नातवंडांच्या बाबतीत फरक उरलाच होता. त्यासाठी २०१० च्या सुमारास आणि पुन्हा २०१७ मध्ये दुरुस्त्या कराव्या लागल्या. शेवटची दुरुस्ती संसदेपुढे आली तेव्हा सँड्रा लव्हलेस निकोलस सिनेटच्या सभासद होत्या. त्या तिथे २००५ पासूनच बसत होत्या.